धुरा

मेणात बसवलेला तुकडा, नखाएवढा.
डबीवर चिकटपट्टी: सयत्रा कुमरे, वय त्रेसष्ट,
कमर, उजवी बाजू. घाटंजीच्या अलीकडचं गाव.
मी कापते. चार मायक्रॉन,
मडक्यावरच्या लांब रोटीहून कितीतरी पातळ.
कोमट पाण्यावर पापुद्रा पसरतो,
काच खाली घालून मी तो उचलते.

बाईला पाहिलं होतं, ओपीडीच्या बाकावर.
चाळीस वर्षं कापूस वेचला. कमरेला ओटी,
ओटीत पाच किलो, सहा किलो,
आणि खाली परकराचा नाडा
एकाच जागी, एकाच गाठीनं.
आधी काळा पट्टा. मग खाज. मग भेग.
"हळद लावली, एरंडीचं तेल लावलं.
भरून ये व बाई, अन् येचणी आली का फुटे."

भरून ये.
तिथंच माझं मन अडतं.
भरून यायला कुणीतरी हाक द्यावी लागते.
कातडी फाटली की रक्तातले बारके कण
वाढीचा निरोप सोडतात:
चला, माणसं कमी पडतात, एकाच्या दोन व्हा.
पेशींच्या अंगावर त्या निरोपाचे कान असतात.
त्या ऐकतात, भागतात, भोक बुजतं,
हाक विरते
आणि ज्या त्या आपल्या जागी गप्प होतात.

हाकेला कसं वाईट म्हणू?
तिच्याच मानेवर चामखीळ आहे, ज्वारीच्या दाण्याएवढी,
लग्नाआधीपासूनची, कुणाच्या अध्यात न मध्यात.
लेकीच्या, कमलच्या, कानामागं
बाळी टोचल्या जागी उगवलेली गाठ,
गोटीसारखी, चकचकीत. तिथंही निरोप जास्तच पोचला,
धागे विणणारे विणतच बसले.
फुगली. पण कानाची गाठ कानालाच राहिली.

इथं मात्र
हंगामागून हंगाम जखम, हंगामागून हंगाम हाक,
आणि एका पेशीचा कान उघडाच राहिला असावा,
कडी न लागणाऱ्या फाटकासारखा.
कुणी बोलावलं नाही तरी तिला ऐकू येतं.
पुढं ती स्वतःच हाक मारते, स्वतःच ओ देते,
शेजारच्या रक्तवाहिनीला सांगते,
एक पाट इकडंही काढ.

दुर्गे सर भिंगातून आधी धुरा शोधतात.
वरच्या कातडीखालची ती बारीक रेघ.
"धुरा शाबूत असला की भांडण घरातलं."
त्या दिवशी काच सरकवता सरकवता गप्प झाले,
मग मलाही बघ म्हणाले.
धुरा कोरला होता. तीन ठिकाणी
जांभळी बोटं पलीकडच्या वावरात उतरलेली,
आणि मधेमधे गोल, थरावर थर, गुलाबी
केराटिनचे मोती.
अहवालात तसंच लिहितात. मोती.

सरांनी तिला सगळं सांगितलं. हाक, कान, पाट.
ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.
"मंजे पऱ्हाटी माजते तसं.
बोंड नाई धरत, नुसती वाढते."
हो, सर म्हणाले, पण पऱ्हाटी
चालत दुसऱ्याच्या वावरात जात नाही.
"मंग काहाडून टाका. येचणीच्या आंधी."

काढलं. कडा मोकळ्या आल्या,
त्या आठ काचाही मीच कापल्या.
जांघेतल्या गाठीचा अहवाल अजून यायचा आहे.
कमल सांगत होती, ओटी आता खांद्याला अडकवते,
नाडा मात्र तसाच, जुन्या जागेपासून एक बोट वर.

परवा माझ्या अंगठ्याला ब्लेड लागलं.
आज सहावा दिवस, खपली सुटत आलीय.
रात्री दिवा मालवून अंगठा कानाशी धरते.
वेडेपणा आहे, कळतं मला.
हाक कोण देतं ते पुस्तकात वाचलंय.
मला ऐकायचंय
पुरे कोण म्हणतं.